अक्काच्या पाठीचं माप

मला चिडायला फारसं कारण लागत नाही, आणि बंगळूरमध्ये वाढलेल्या चिडक्या माणसाला एकच वाक्य जन्मभर पुरतं: "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि." थोडं जमवून घ्या. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकताना हेच म्हणतो, नळाला पाणी आलं नाही की पाणी सोडणारा हेच म्हणतो, आणि आमच्या बसवनगुडीतल्या दुकानात तर हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू यायचं. म्हणणारे बहुतेक वेळा माझे वडीलच असायचे. अप्पा शिंपी होते. शनिवारी कबूल केलेला ब्लाऊज सोमवारी दिला तर स्वल्प अ‍ॅडजस्ट, कापड चार बोटं कमी पडून बाहीला जोड द्यावा लागला तरी स्वल्प अ‍ॅडजस्ट. गिऱ्हाईक हसत घरी जायचं आणि मी आतल्या खोलीत दातओठ खात बसायचो.

मी गणिताच्या मागे लागलो त्यात या वाक्याचा हात मोठा आहे. गणितात कुणी कुणाला जमवून घ्यायला सांगत नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन म्हणजे दोन काटकोन. ती बसवनगुडीत तेवढीच आणि पुण्यातही तेवढीच, शनिवारी तेवढीच आणि सोमवारीही. घरात सगळंच वाकत होतं, लांबत होतं, उद्यावर जात होतं. त्यात ही एक गोष्ट सरळ उभी होती आणि मी तिला घट्ट धरून होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हाची ही हकिगत आहे. घराबाहेर मी ती कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या घराण्यात असं सांगतात की पूर्वज कुठल्याशा फौजेचे तंबू शिवत दक्षिणेत उतरले, फौज परत गेली आणि हे इथेच राहिले. त्याला तीनशेहून जास्त वर्षं झाली. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि घरातल्या मराठीतही इतकं कन्नड की पुण्याहून नवीन आलेला माणूस दोन वाक्यं ऐकून विचारायचा, तुम्ही मूळचे कुठले? पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि आम्ही चौघं: अप्पा, आई, माझी मोठी बहीण अक्का आणि मी. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. जवळच्याच एका शाळेच्या ऑफिसात ती क्लार्क होती.

दुकानाची एक रीत होती. अप्पांनी बेतलेलं कापड थेट मशीनवर जात नसे, आधी त्याची जुळवणी व्हायची. डावी बाही उजव्या बाहीवर ठेवायची, डावा पुढा उजव्या पुढ्यावर, हाताने सपाट करून कडा बघायच्या. एखादी कड सूतभर बाहेर आली तर कात्रीने बरोबरीत आणायची. मग सगळे तुकडे गुंडाळून चिंधीने बांधायचे आणि तो गठ्ठा कारागिराच्या टेबलावर ठेवायचा. कारागीर आनेकलहून रोज बसने यायचा. तो मापं बघत नसे. गठ्ठ्यात जे येईल ते मुकाट्याने शिवायचा, आणि झकास शिवायचा. जुळवणीचं काम मी शाळेत असल्यापासून माझ्याकडे होतं आणि मला ते मनापासून आवडायचं. डावं बरोबर उजवं. दुकानात तेवढ्या एकाच कामात अ‍ॅडजस्ट नव्हतं.

अप्पांची माझ्याबद्दल एकच तक्रार असायची. मी कापताना कात्री टोकापर्यंत मिटायचो. शिंपी तसं करत नाही, तो कात्री अर्धीमुर्धी मिटून तशीच पुढे सरकवतो, म्हणजे कड एकसंध येते. टोकापर्यंत मिटली की त्या जागी कापडाला बारीक दात पडतो. "कात्री पूर्ण मिटायची नाही रे," ते म्हणायचे. मी हो म्हणायचो आणि पुन्हा मिटायचो.

एका गठ्ठ्याला मात्र माझा हात कधी लागला नव्हता, तो अक्काचा. तिचे ब्लाऊज अप्पा स्वतः बेतायचे, स्वतः बांधायचे, आणि कारागीर शिवत असताना त्याच्या शेजारी उभे राहायचे. मला वाटायचं, बापाचा लेकीवर जीव, दुसरं काय. अक्काच्या पाठीला थोडा बाक आहे हे घरात ठाऊक होतं. ती तेरा वर्षांची असताना कुठल्याशा हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, वाढ थांबली की बाकही थांबेल. त्यानंतर तो विषय निघाला नाही. वर्षातून एखाद्या वेळी आई "स्वल्प बाक" एवढंच म्हणायची, तेही दुसऱ्या कशाच्या तरी बोलण्यात. मी अक्काला रोज बघत होतो. मला काही दिसत नव्हतं. ती ताठ चालायची.

त्या वर्षी आम्हाला वक्र पृष्ठांची भूमिती होती. शिकवणारे सर देवनहळ्ळीकडचे. एके दिवशी ते घरच्या झाडाचा चकोता घेऊन वर्गात आले. चकोता म्हणजे पपनस, पण तिकडची फळं चांगली डोक्याएवढी होतात. त्यांनी पेनने देठापासून एक रेघ खाली मध्यापर्यंत ओढली, तिथून पाव वळसा आडवी नेली आणि तिथून परत देठापर्यंत आणली. झाला त्रिकोण. तिन्ही कोपऱ्यांत काटकोन. बेरीज दोन नाही, तीन.

मला ते बघून अंगाची आग झाली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, हा त्रिकोण नाही. या रेघा सरळ नाहीत."

"फळावरून चालणाऱ्या मुंगीला विचार," सर म्हणाले. "तिला याहून सरळ वाट नाही."

"मग खरं काय?"

"सपाटावर दोन काटकोन. इथं त्याहून जास्त. दोन्ही खरंच. आधी सांगायचं, तू कशावर उभा आहेस. मग सिद्ध करायचं."

तास संपल्यावर त्यांनी तो चकोता सोलून सगळ्यांना वाटला. मी खाल्ला नाही. बाविसाव्या वर्षी मी एका फळावर रुसलो होतो, हे आज लिहितानाही लाज वाटते.

घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. ते चक्रावतील आणि माझ्या बाजूने बोलतील अशी माझी कल्पना. ते टाचण्या ओठांत धरून ऐकत होते. टाचण्या काढून म्हणाले, "त्यात काय आहे? सपाट कापड अंगावर चढलं की ते सपाट राहतंय का? म्हणून तर कापड चिमटून टक घ्यावा लागतो."

"तुमचं अ‍ॅडजस्ट वेगळं, अप्पा. गणितात ते चालत नाही. गणितात खरं ते सगळीकडे खरं."

"सरी," म्हणजे बरं, ते म्हणाले. "मला आपलं एवढंच कळतं, अंगावर चढल्याशिवाय काही खरं नसतं."

पुढचे आठ दिवस मी जेवताना, आंघोळीला जाताना, दुकानाची फळी लावताना हाच वाद उकरून काढत राहिलो. आईने शेवटी कानांवर हात ठेवले. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत होता आणि सुईत दोरा अक्का ओवून द्यायची. तिने दोरा ओवता ओवता मला एकदा विचारलं, "तुझा त्रिकोण वाकला तर तुझं काय जातंय रे?" माझं बरंच काही जात होतं, पण ते काय हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच सुमाराला एका मध्यस्थामार्फत अक्काला एक स्थळ आलं. मुलगा पुण्याचा, वर्षभरापूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी बंगळूरला आलेला. गणपतीत इथल्या मराठी मंडळात त्याची आणि अक्काची ओळख झाली होती. तिच्या मराठीतलं कन्नड ऐकून तो हसला होता, आणि मग त्यानेच तिला रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं कन्नड शिकवा म्हणून गळ घातली होती. दोन-तीनदा ते मंडळाच्या कार्यक्रमांना भेटले. अक्काला तो आवडला होता. ती बोलली नाही, पण त्या दिवसांत ती दोरा ओवताना गुणगुणायची, आणि अठ्ठावीस वर्षांच्या अक्काला मी त्याआधी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्याची आई पुण्याहून येणार होती, एका शनिवारी दुपारी चारला मुलगी बघायला.

आईचं म्हणणं होतं की पाठीचं आधी सांगावं. अप्पा म्हणाले, "आधी माणसं माणसांना बघू दे. मग मी स्वतः सांगतो त्यांना." ते सांगणार होते याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

आमच्या घरचे कपडे नेहमी गिऱ्हाइकांच्या नंतर व्हायचे, त्यामुळे अक्काचा मोरपंखी ब्लाऊज शनिवार उजाडला तरी बेतलेला नव्हता. अकराला अप्पांनी तो बेतला. ते हात धुऊन जेवायला बसणार तेवढ्यात मध्यस्थाकडून निरोप आला, पाहुण्यांना गल्ली सापडायची नाही, तुम्हीच न्यायला या. मुलगा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होता. अप्पांनी टोपी चढवली आणि रिक्षा गाठली. तुकडे बेतायच्या फळीवर तसेच राहिले.

एक वाजता कारागीर हात झटकत उभा राहिला. शनिवारी तो दीडची बस धरायचा. "अण्णा, गठ्ठा असेल तर द्या, पटकन शिवून निघतो," तो मला कन्नडमध्ये म्हणाला. मी फळीपाशी गेलो आणि अक्काचा गठ्ठा असूनही सवयीने जुळवणीला लागलो. बाह्या जुळल्या. पुढे जुळले. पाठ एरवी एकाच तुकड्याची असते, पण अक्काच्या ब्लाऊजच्या पाठीचे दोन भाग होते, मध्ये शिवण. मी डावा भाग उजव्यावर ठेवला. उजवा भाग सगळीकडून बाहेर येत होता. लांबीला दोन बोटं जास्त, आणि बाही जोडतात त्या मुंढ्याखाली कड अशी फुगलेली की तशी कड मी कधी पाहिली नव्हती.

अप्पांना दिसेनासं झालंय, हे मला त्या क्षणी कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. आणि तेही अक्काच्या दिवशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी खोटं सांगत नाही. मी ठरवलं की त्यांना हे कधी कळू द्यायचं नाही. कात्री घेतली आणि उजवा भाग डाव्याबरहुकूम कापला. शेजारी पातळ कापसाच्या दोन-तीन घड्या होत्या, त्या कशाच्या हे लक्षात आलं नाही म्हणून चिंध्यांच्या पिशवीत टाकल्या. पुन्हा भाग एकावर एक ठेवले. डावं बरोबर उजवं. गठ्ठा बांधून दिला. आपण बापाची लाज राखली या समाधानात मी जेवलो.

ब्लाऊज झाला तेव्हा तीन वाजत आले होते आणि कारागिराची बस केव्हाच चुकली होती. तरी तो कुरकुरला नाही. अक्काने स्वतःच हूक लावले. आतल्या खोलीतून मला तिचा आवाज ऐकू आला, "आई, उजवीकडे फार ओढतंय गं."

"नवीन आहे, बसेल अंगावर. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर," आई म्हणाली. आलं पुन्हा ते वाक्य, म्हणून मी बाहेर कपाळाला आठ्या घातल्या.

पाहुणे आले. उप्पिट झालं, गोडाला केसरीबात झाला. मुलाची आई चांगली बाई होती. आमची मराठी तिला गोड वाटली आणि तसं ती दोनदा म्हणाली. मुलगा अक्काकडे बघून हसला आणि त्याने कन्नडमध्ये "चेन्नागिदिरा?" विचारलं, कशा आहात म्हणून. अक्का हसली. ते दोघं हसले त्या वेळी खोलीत सगळं नीट होतं. मग अक्का त्याच्या आईला नमस्कार करायला वाकली आणि उजव्या मुंढ्यापाशी शिवण टरकली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मी तिच्या मागे दाराशी उभा होतो. पदर डाव्या खांद्यावर, उजवी बाजू उघडी, आणि वर ताणून बसलेलं रेशमी कापड. उजवी बाजू वर उचलून आलेली होती आणि डावी कमरेपाशी आत गेली होती. कापड जिथे ओढलं गेलं होतं तिथून बाक पुरता दिसत होता. माझ्या बहिणीची पाठ मी पहिल्यांदा बघत होतो. आजवर मी बघत आलो ती अप्पांनी शिवलेली पाठ होती.

"बाळ, बस तू," मुलाची आई म्हणाली आणि तिने आपल्या हाताने अक्काच्या खांद्यावरून पदर ओढून दिला. मुलगा हातातल्या कॉफीच्या कपाकडे बघत राहिला. निघताना दारात ती बाई हळू आवाजात म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं हो." तिचं काही चुकलं नव्हतं. आठ दिवसांनी मध्यस्थ पत्रिका जमत नाही म्हणून सांगून गेला.

पाहुणे गेल्यावर अप्पा फळीला टेकून उभे राहिले. अक्का आत होती, तिला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बेतताना माझ्याकडून चुकलं. मला दिसत नाही आता." मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. तेव्हा बोललो नाही, आणि त्या संध्याकाळी बोललो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड झालं, आणि तिसऱ्या दिवशी त्याहून.

अप्पांनी कात्री खिळ्याला अडकवली. बेतायचं कापड ते पलीकडच्या गल्लीतल्या एका शिंप्याकडे पाठवू लागले आणि स्वतः बटणं लावत, हातशिलाई करत बसू लागले. अक्काने मंडळात जाणं सोडलं. ती आता पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ऑफिसला जायची, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. मी मनातल्या मनात माझा खटला लढवत होतो. लपवलं कुणी? मी तर फक्त डावं आणि उजवं सारखं केलं, त्यात खोटं काय? मग अक्का समोरून पदर सावरत जायची आणि माझा सगळा युक्तिवाद गळून पडायचा. मला स्वतःची किळस यायची. परीक्षेत गोलावरच्या त्रिकोणाचा प्रश्न आला. कोनांची बेरीज दोन काटकोनांहून जास्त असते आणि त्रिकोण जितका मोठा तितकी ती जास्त, हे मी एकही खाडाखोड न करता सिद्ध केलं. सरांनी नंतर पाठ थोपटली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पावसाळ्यानंतर अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एकामागून एक. पट्ट्या सुटल्या, जाड चष्मा आला, आणि एके सकाळी त्यांनी सुईत दोरा स्वतः ओवला. आईने आनंदाने खिळ्यावरची कात्री काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बाजूला सरकवली.

"डोळ्यांमुळं नव्हतं ते," अप्पा म्हणाले. "रेघ मी बोटांनी मोजून मारतो, डोळे मिटूनसुद्धा मारीन. माझा हातच गेला." मग थोड्या वेळाने मला म्हणाले, "तो ब्लाऊज आण बघू. कुठं चुकलं ते बघू दे एकदा."

अक्का ऑफिसात होती. ब्लाऊज तिच्या ट्रंकेत तळाशी होता. मी तो आणून दिला आणि तिथून हललो नाही. अप्पांनी ब्लेडने एकेक शिवण उसवली. पाठीचे दोन्ही भाग फळीवर पसरले आणि एकावर एक ठेवले. मग उजव्या भागाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. पुढे गेला, पुन्हा थांबला. कडेला ठरावीक अंतरावर बारीक दात होते. सात. मी त्यांच्या अंगठ्याबरोबर मोजले.

"कात्री पूर्ण मिटायची नाही," ते म्हणाले. "किती वेळा सांगितलंय तुला."

मग मी सगळं सांगितलं. जुळवणी, बाहेर आलेली कड, त्यांचे डोळे, कापसाच्या घड्या. अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी फळीखालचा खण ओढला आणि खाकी कागदांची गुंडाळी काढून माझ्यापुढे सोडली. अक्काच्या तेराव्या वर्षापासूनचे फर्मे, म्हणजे बेतायचे कागदी नमुने होते ते, दरवर्षीचा एक. प्रत्येकात पाठीचे दोन भाग, एकावर 'उ', दुसऱ्यावर 'डा'. पहिल्या कागदावर दोन्हींत नखभर फरक होता. पुढे पुढे तो वाढत गेला होता, आणि शेवटच्या काही वर्षांत जिथल्या तिथे थांबला होता. डाव्या भागावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, कापूस इथे, दोन घड्या.

"मी तुमची माफी मागतो, अप्पा."

"मला कशाला सांगतोस?" ते म्हणाले. "अक्काला सांग."

अक्का पाचला आली. आतल्या खोलीत ती चपला काढून बसली होती, पदर तसाच दोन्ही खांद्यांवर. मी उभ्या उभ्या सांगितलं. दुकानातली मशीन तेवढ्यात थांबली होती, त्यामुळे माझं मलाच फार मोठ्याने ऐकू आलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जे म्हणाली ते मला अपेक्षित नव्हतं.

"मला वाटलं, अप्पांनी मुद्दाम केलं."

"काय?"

"चौदा-पंधरा वर्षं लपवून कंटाळले असतील. आता एकदाचं दिसू दे सगळ्यांना, असं म्हणून केलं असेल. वर स्वतःची चूक म्हणून सांगितलं. आठ महिने मी त्यांच्याशी वरवर बोलतेय. तुझ्या लक्षात आलं नाही?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी माझ्या खटल्यात गुंतलो होतो. आठ महिने मी अप्पांचा हात त्यांच्याकडून काढून घेतला आणि तिचा बापही तिच्याकडून काढून घेतला, आणि दोन्ही वेळा मी गप्प उभा होतो. मी खाली बसलो.

ती रडली नाही. उठली, दुकानात जाऊन टेप घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "माझं माप घे," ती म्हणाली. "मला माझी पाठ कधी दिसलेली नाही. आरशात पुढचंच दिसतं. त्या दिवशी तुम्हा सगळ्यांच्या तोंडांवर बघितली तेवढीच. अप्पा माप घेतात, पण आकडा कधी बोलत नाहीत, कागदावर लिहितात नि ठेवून देतात. तू गणितातला आहेस. तू मोठ्याने सांग."

तिने पदर काढला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी मानेच्या हाडापासून टेप धरला, डावीकडून कमरेपर्यंत आणला, मग उजवीकडून, फुगवट्यावरून, हात हलका ठेवून. दोनदा मोजलं. अप्पा दारात येऊन उभे राहिले होते, त्यांच्याकडे मी बघितलं नाही.

"किती फरक आहे?" अक्काने विचारलं.

जन्मात पहिल्यांदा मला एक आकडा जमवून घ्यावासा वाटला. पाऊण इंच म्हणावं, एक म्हणावं, तिला कुठे दिसणार होतं? ओठांवर आलंही होतं. "पावणेदोन इंच," मी म्हणालो.

मग उजवा हात वर करून तिने अंगठा आणि पहिलं बोट यांत साधारण तेवढं अंतर धरलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

आकडा बरोबर होता, आजही बरोबर आहे. पण तो थोडा की फार, एवढंच ती मला विचारत होती. त्यानंतर मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. अक्काने लग्न केलं नाही आणि ते तुझ्यामुळे नाही असं ती मला अधूनमधून न विचारता सांगते. तिचा प्रश्न अजून तसाच आहे.

"लिहिलंस का?" अप्पांनी दारातून विचारलं. ते आत आले, खिशातला खडू त्यांनी माझ्यापुढे धरला आणि खाकी कागद जमिनीवर पसरला. मी दोन आकडे लिहिले, उजवा वेगळा, डावा वेगळा. मग ते कात्री आणायला दुकानात गेले.